हवेतले वार कशासाठी?

दादरच्या बाजूला एखाद्या कराटेच्या वर्गाबाहेर संध्याकाळी अर्धा तास बसून पाहावे. आत पंचवीस-तीस मुले-मुली पांढऱ्या पोषाखात रांगा धरून उभ्या असतात. शिक्षक जपानी आकडे मोजतात आणि एकेका आकड्याला सगळी रांग वळते, पाऊल टाकते, हवेत ठोसा मारते. पुन्हा वळते, पुन्हा मारते. बाहेर बाकावर मुलांच्या आया, एखाददुसरे आजोबा, दप्तरांचा ढीग आणि चपलांचा त्याहून मोठा ढीग. बाकावरच्या गप्पा भाज्यांच्या भावापासून सुरू होतात आणि हटकून एका प्रश्नावर येऊन ठेपतात.

“अहो, दोन वर्षे झाली की! ही मुले नुसती हवेलाच मारताहेत. खरे मारायला कधी शिकवणार?”

“आणि फी मात्र हवेत जात नाही!” दुसरी कोणी पुस्ती जोडते आणि सगळ्या हसतात.

हा प्रश्न थट्टेचा असला तरी क्षुल्लक नाही. मुलगी उशिराच्या गाडीने एकटी येते, मुलगा अंगाने किरकोळ आहे, म्हणून तर आपण त्यांना तिथे पाठवतो. त्यांच्या अंगी स्वतःला वाचवण्याचे बळ यावे ही आपली इच्छा. मग समोर कोणी नसताना ठरीव क्रमाने, ठरीव दिशेला, ठरीव हातवारे वर्षानुवर्षे करीत राहण्याने ते बळ येते का? येत असेल तर कसे? आणि येत नसेल तर हा खटाटोप कशाला?

या हातवाऱ्यांच्या मालिकेला जपानी भाषेत ‘काता’ म्हणतात. आपल्याकडे हा शब्द ऐकून कोणाला काथ्या आणि कोणाला काथ्याकूट आठवेल. पण त्याचा अर्थ साधा आहे. काता म्हणजे साचा, घडण, आकार. कराटे शिकणाऱ्या असंख्य मुलांच्या वाट्याला पहिला काता येतो त्याचे नाव ‘हेइआन शोदान’. त्यात एकवीस हालचाली आहेत. डावीकडे वळून खालचा वार अडवायचा, एक पाऊल पुढे टाकून ठोसा मारायचा, मागे फिरायचे, असे करीत करीत जिथून निघालो तिथेच परत येऊन थांबायचे. पाहणाऱ्याला वाटते, ही तर कवायत झाली.

काताची बाजू मांडण्याचा मला अधिकार कोणता, असे कोणी विचारील. कराटे मी शिकलो नाही. पण मी परळचा. साठ वर्षांपूर्वी आमच्या चाळीमागच्या आखाड्यात मी काठी शिकलो आणि बाकावरच्या आईचा हा प्रश्न तेव्हा माझ्याही तोंडात होता.

आखाड्यातले ‘हात’

आपल्याकडे काता हा शब्द नव्हता, वस्तू मात्र होती. तिला आम्ही ‘हात’ म्हणत असू. काठीचे हात, पट्ट्याचे हात, फरी-गदग्याचे हात. “किती हात झाले?” हा आमच्यात प्रगतिपुस्तकातला प्रश्न होता. आणि हातांच्या आधी पवित्रे. आज वर्तमानपत्रात कोणी पुढारी ‘आक्रमक पवित्रा’ घेतो तेव्हा तो आमच्या आखाड्यातलाच शब्द वापरीत असतो, हे त्याच्या गावीही नसते. पवित्रा म्हणजे पाय कुठे, गुडघा किती वाकलेला, अंगाचा भार कोणत्या पायावर, नजर कुठे याची मांडणी. ती पक्की झाल्यावर मग वार. तमाचा म्हणजे गालाच्या अंगाने येणारा, बाहेरा उलट्या हाताचा, शिर डोक्यावरचा, कमर कमरेवरचा. हे वार एकामागून एक ठरावीक क्रमाने गुंफले की झाला एक हात.

आमचे वस्ताद गिरणीत कामाला होते. पहिल्या पाळीहून सुटून खोलीवर येत, अंगावरचा कापूस झटकीत, चहा घेत आणि दिवेलागणीच्या आधी आखाड्यात उतरत. मूळचे साताऱ्याकडचे. बोलणे मोजके. सहा-सहा महिने आम्हाला एकच हात करायला लावीत. पावसाळा गेला, गणपती आले आणि गेले, तरी आमची काठी आपली हवेतच फिरते आहे! शेवटी आमच्यातल्या एकाने विचारलेच, “वस्ताद, हवेला मारून काय उपयोग?”

वस्ताद रागावले नाहीत. म्हणाले, “हवंला कोन मारतंय? ये, हितं हुबा ऱ्हा.”

आमच्या हाताच्या मांडणीत जी जागा मोकळी होती, नेमक्या त्या जागेवर त्यांनी त्या मुलाला उभे केले. त्याच्या हातात काठी दिली आणि सांगितले, “माज्या डोस्क्यात घाल.” त्याने भीत भीत काठी उचलली. वस्तादांनी रोज आम्हाला करायला लावलेला तोच हात केला. एक तसूही कमी नाही, एक तसूही जास्त नाही. ज्या वळणाला आम्ही निरर्थक गिरकी समजत होतो त्या वळणाने ते त्याच्या वाराच्या रेषेतून बाजूला झाले होते. ज्या ठिकाणी काठी उगाच खाली येते असे वाटे, तिथे तिने मुलाची काठी दाबून धरली होती. आणि तमाचा त्याच्या कानाजवळ बोटभर अंतरावर येऊन थांबला होता.

“कळ्ळं का? जागा मोकळी न्हवती. तुमास्नी दिसत न्हवतं, येवढंच.”

काताविषयी पुढे मी जे जे वाचले आणि पाहिले ते सगळे या एका वाक्याच्या पोटात मावते. हवेतला वार हवेसाठी नसतो. समोर कोणीतरी उभे असते. त्याची उंची, त्याचे अंतर, त्याच्या वाराची दिशा हे सगळे त्या मांडणीत आधीच धरलेले असते. काता म्हणजे संवादातली एका बाजूची वाक्ये. दूरध्वनीवर बोलणाऱ्या माणसाचे आपण ऐकतो ना? पलीकडचा आवाज ऐकू येत नाही, पण ऐकणारा चतुर असेल तर पलीकडून काय विचारले गेले हे त्याला उत्तरांवरून ओळखता येते. तसेच हे.

जपान्यांकडे या ओळखण्याला स्वतंत्र शब्द आहे, ‘बुनकाई’. म्हणजे उलगडा. काताची एकेक हालचाल सोडवून ती कोणत्या हल्ल्याचे उत्तर आहे हे जोडीदारासह करून पाहणे. बुनकाईवाचून काता म्हणजे अर्थ न समजता म्हटलेली संध्या.

एक उदाहरण घरच्या घरी करून पाहण्यासारखे आहे. मघाच्या ‘हेइआन शोदान’मधली चौथी हालचाल घ्या. पुढे असलेला हात मूल एकाएकी मागे ओढून घेते, त्याच ओघात तो हात वरून गोल फिरवून मुठीच्या बाजूने खाली आणते. हवेत पाहिले तर लोहाराने घण मारल्यासारखे दिसते. आता कोणालातरी आपले मनगट घट्ट धरायला सांगा. धरणाऱ्याची पकड चार बोटांच्या बाजूने मजबूत असते. अंगठा आणि बोटांची टोके जिथे भेटतात तिथे ती कच्ची असते. हात सरळ मागे ओढला तर सुटत नाही. त्या कच्च्या जागेच्या दिशेने वळवून, अंगाचा भार मागे नेत ओढला की निसटतो, आणि निसटलेला हात वरून घणासारखा खाली येतो. फलाटावरच्या गर्दीत कोणी मनगट धरले तर मुलीला नेमके हेच हवे आहे. ती दोन वर्षे हेच करीत होती. फक्त ते मनगट सोडवणे आहे, हे तिला कोणी सांगितले होते का, हा खरा प्रश्न आहे.

पुस्तक नसलेल्यांचे पुस्तक

पण मग ती एक हालचालच शिकवावी, एवढी लांबलचक माळ कशाला गुंफावी? याचे उत्तर इतिहासात आहे.

कराटे मूळचे ओकिनावा बेटावरचे. तिथल्या जुन्या गुरूंनी आपली विद्या ग्रंथांत लिहून ठेवण्यापेक्षा चेल्याच्या अंगात उतरवली. ज्याने आयुष्यभर झटून दहा-वीस अडचणींची उत्तरे शोधली त्याने ती एका क्रमात ओवून ठेवली. क्रम पाठ झाला की त्यातले काही गळत नाही. आपल्याकडे पावकी, निमकी, दिडकी परवच्याला म्हणवून घेत, त्यातलाच हा प्रकार. कागद नसला, दिवा नसला, तरी हिशेब जिभेवर तयार! काता हे अंगाने म्हटलेले पाढे आहेत.

गिचिन फुनाकोशी नावाचे एक शाळामास्तर होते. 1922 साली त्यांनी टोकियोला जाऊन कराटेचे प्रात्यक्षिक केले आणि जपानच्या मुख्य भूमीवर ही विद्या रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा ठरला. तरुणपणी ते रात्री गुरूच्या अंगणात जाऊन शिकत. गुरू ओसरीवरून पाहत आणि तोच काता महिनोन्महिने पुन्हा पुन्हा करायला लावीत. हे त्यांनीच आपल्या आठवणींत सांगितले आहे. वाचताना मला आमचे वस्ताद आठवले. ओकिनावाचे अंगण आणि परळची चाळ यांत समुद्रांचे अंतर आहे, पण शिकवण्याची रीत एकच.

आपल्याकडे या पाठांतराचे मोल आणखी एका कारणाने वाढले. 1878 साली इंग्रज सरकारने हत्यारांचा कायदा केला आणि परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे गुन्हा ठरला. तलवारी, भाले घरांतून गेले. पण लाकडाची काठी, चामड्याची ढाल आणि अंगातले हात कोण जप्त करणार? पट्ट्याचे हात तालमींतून आणि शिमग्या-गणपतीच्या मिरवणुकांतून टिकून राहिले. पुढे बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी मराठीत व्यायामज्ञानकोशाचे खंड काढले, त्यांत आपल्या खेळांची बारकाईने नोंद झाली. पण कोश निघण्यापूर्वी दोन पिढ्या ही विद्या तगली ती हातांच्या क्रमानेच. दांडपट्ट्याला 2024 साली महाराष्ट्राचे राज्यशस्त्र म्हणून मान मिळाला. ज्यांनी तो आपल्या अंगात जपला, त्या अनाम वस्तादांचा या मानात वाटा आहे.

अंगाची स्मरणशक्ती

इथे एखादा म्हणेल, जतन झाले हे ठीक. पण मारामारीत क्रमाने कोण येतो? गुंड काय एकविसापर्यंत मोजीत उभा राहणार आहे?

मुळीच नाही. काताचा क्रम लढाईत वापरायचा नसतो, तसे पाढेही बाजारात मोठ्याने म्हणायचे नसतात. सात अठ्ठे छप्पन्न हे वेळेवर आठवले म्हणजे झाले. त्यासाठी सात एके सातपासून सुरुवात करावी लागत नाही. काताने तयार होते ते पाऊल, कंबर, खांदा आणि मूठ यांचे आपसातले सूत. ते विचाराच्या खाली, खोल कुठेतरी बसते.

हे खोल बसणे म्हणजे कविकल्पना नव्हे. 1953 साली अमेरिकेत एका तरुणावर अपस्माराच्या विकारासाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाली. विकार आटोक्यात आला, पण नवी आठवण साठवण्याची त्याची शक्तीच गेली. सकाळी भेटलेला माणूस दुपारी त्याला अनोळखी. शास्त्राच्या ग्रंथांत तो कितीतरी वर्षे नुसत्या ‘एच. एम.’ या आद्याक्षरांनी ओळखला जाई. ब्रेंडा मिलनर या विदुषीने त्याला एक काम दिले: आरशात पाहून कागदावरच्या चांदणीची रेघ गिरवायची. आरशात सगळेच उलटे. पहिल्या दिवशी कोणाचाही हात भरकटतो. तीन दिवस त्याच्याकडून सराव करून घेतला. तिसऱ्या दिवशी त्याचा हात सफाईने चालला, आणि तरीही हे काम आपण पूर्वी केले आहे याची त्याला आठवण नव्हती! मिलनरबाईंनी हे 1962 साली प्रसिद्ध केले. माणसाच्या अंगाला स्वतःची एक स्मरणशक्ती असते आणि ती डोक्यातल्या स्मरणशक्तीहून निराळी असते, हे त्यावरून स्पष्ट झाले. काता त्या दुसऱ्या वहीत लिहिला जातो.

भीतीच्या क्षणी पहिली वही हातची सुटते. छाती धडधडते, बोटे थरथरतात, बारीक कसबाचे काम जमत नाही, शाळेत शिकलेले सुभाषितही आठवत नाही. त्या वेळी अंगवळणी पडलेले तेवढे हाताशी उरते. ‘अंगवळणी’ हा आपला शब्दच पाहा ना! वळण अंगाला लागते, डोक्याला नव्हे. 10 नोव्हेंबर 1659 रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी सय्यद बंडाची तलवार महाराजांवर उगारली गेली तेव्हा जिवा महालाने तो हात वरच्या वर छाटला, असे परंपरा सांगते. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण आपण सगळेच ऐकत आलो. पण त्या निमिषात जिवाने कोणता वार करावा याचा विचार केला असेल काय? तेवढी सवड नव्हती. तो वार त्याने त्यापूर्वी किती वेळा हवेत केला असेल, याचा हिशेब करावा.

गाण्या-वाजवण्याची आवड असलेल्या घरांत हे पटवायला फारसे श्रम पडू नयेत. गिरगावातल्या कितीतरी घरांतून संध्याकाळी तबल्याचा कायदा ऐकू येत असे. कायदा म्हणजे बोलांची बांधलेली मांडणी. विद्यार्थी तो आधी जसाच्या तसा, विलंबित लयीत, शेकडो वेळा वाजवतो. शेजारी कंटाळतात. मग त्याच बोलांची उलटापालट करून पलटे निघतात, आणि एके दिवशी मैफलीत गायकाने अवचित घेतलेल्या जागेला तबलजी तसेच अवचित उत्तर देतो. श्रोते ‘वाहवा’ म्हणतात. त्यांना वाटते, हे आत्ता सुचले! सुचले आत्ताच, पण बोटे त्यासाठी दहा वर्षे तयार होत होती.

धनुष्याची लेझीम झाली

इतके सगळे म्हटल्यावर दुसरी बाजू सांगितली नाही तर ते वकीलपत्र होईल.

गणपतीच्या मिरवणुकीत किंवा पाडव्याच्या शोभायात्रेत आपण लेझीम पाहतो. तिचा छनछनाट, तिचे ठेके, मुलांच्या रांगा पाहून कोणाचेही पाय थिरकतात. पण लेझीम हे मूळचे धनुष्य. दोरीऐवजी लोखंडी साखळी लावलेले जड धनुष्य ओढून ओढून धनुर्धर दंडांत ताकद आणीत. पुढे धनुष्यबाण युद्धातून गेला. धनुष्य हलके झाले, साखळीला झांजा लागल्या आणि नाद उरला. यात वाईट काही नाही. लेझीम हा सुंदर सांघिक व्यायाम आहे. पण लेझीम उत्तम खेळणाऱ्या मुलाला बाण मारता येईल असे कोणी समजू नये. रूप टिकले, हेतू बदलला.

हाच धोका प्रत्येक काताच्या मानेवर बसलेला असतो. ओकिनावात अंको इतोसू या वृद्ध गुरूंनी विसाव्या शतकाच्या आरंभी कराटे शाळांतून नेले. मुलांना झेपतील असे पाच सोपे काता त्यांनी बांधले. आपल्या मुलांचा ‘हेइआन शोदान’ त्या पाचांतलाच. एका अंगणात एका चेल्याला मिळणारी विद्या शाळेच्या पटांगणात शेकडो मुलांना मिळाली. मात्र शेकडो मुलांच्या रांगेत एकेकाला जवळ घेऊन उलगडा कोण सांगणार? रांग शिल्लक राहिली, आकडे शिल्लक राहिले, समोरचा माणूस पुसट झाला. आपल्याकडे बडोद्याचे माणिकराव आणि त्यांच्यासारख्या व्यायामाचार्यांनी काठी-लेझीम सांघिक केली, तेव्हा लाभ असाच मोठा झाला आणि जोखीमही तीच आली.

रूपाचीच कसोटी घ्यायची ठरवली तर तेही मोठे कठीण आहे, हे मान्य केले पाहिजे. टोकियोचे ऑलिंपिक 2021 साली भरले तेव्हा त्यात काताची स्वतंत्र स्पर्धा होती. पुरुषांत सुवर्णपदक मिळवले ते ओकिनावाच्याच रियो कियुना याने, स्त्रियांत स्पेनच्या सांद्रा सांचेझ हिने. एकटा माणूस रिकाम्या चौकोनात उभा, आणि तरीही पाहणाऱ्याला समोरचा शत्रू दिसावा, अशी ती करणी होती. पण पदकासाठी केलेला काता आणि प्राण वाचवण्यासाठी केलेला काता यांची उद्दिष्टे सारखी नव्हेत.

ब्रूस ली याने तर ठरीव मांडणीची जमिनीवर पोहायला शिकण्याशी तुलना केली. त्याचे चित्रपट पाहून सत्तरीच्या दशकात आमच्या लालबाग-परळच्या पोरांनी चाळीच्या गच्चीवर जे किंचाळणे आरंभले होते ते अजून कानांत आहे! त्याचा आक्षेप खरा आहे, पण अर्धा. शिवाजी पार्कच्या तलावावर उन्हाळ्यात जाऊन पाहा. नवी मुले काठ धरून नुसते पाय मारीत असतात. ते पोहणे नव्हे. पण त्यावाचून पोहणेही नव्हे. चूक काठ धरण्यात नाही, दोन वर्षांनीही काठ न सोडण्यात आहे.

याचा सर्वांत समतोल निवाडा मला ज्युडोचे जनक जिगोरो कानो यांच्यात सापडतो. तेही शिक्षक. 1882 साली टोकियोत त्यांनी आपली शाळा काढली आणि काता व मोकळी झटापट दोन्ही सक्तीची केली. काता हे व्याकरण आणि झटापट हा निबंध, अशी उपमा ते देत. आपल्याला तर्खडकरांच्या आणि दामल्यांच्या व्याकरणावर वाढवले गेले, तेव्हा ही उपमा सहज उमगावी. नुसते व्याकरण घोकणाऱ्याला पत्र लिहिता येत नाही. आणि व्याकरणावाचून लिहिलेले पत्र वाचवत नाही.

खांबाशी केलेली कुस्ती

कानोंचा हा समतोल परदेशातच शोधावा लागतो असे मुळीच नाही. दादरला शिवाजी पार्कवर श्रीसमर्थ व्यायाम मंदिर आहे. 1925 साली काळे गुरुजींनी ते सुरू केले. तिथे मल्लखांबावर चढलेली मुले पाहा. मल्लखांब म्हणजे मल्लाचा खांब. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरच्या बाळंभटदादा देवधरांनी या विद्येचे पुनरुज्जीवन केले. पैलवानाला जोडीदार नसला तर त्याने कुस्ती कोणाशी करावी? खांबाशी! खाली जाड, वर निमुळता, एरंडेल लावून गुळगुळीत केलेला हा खांब म्हणजे तेल चोपडलेला प्रतिस्पर्धीच. त्याला मारलेली तेढी म्हणजे पायांची मिठी, त्यावर घेतलेली पकड म्हणजे हातांचा पेच. काता ज्याला हवेत पाहतो त्याला मल्लखांबाने लाकडात उभे केले.

याच व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी दृष्टिहीन मुलींनाही मल्लखांब शिकवला. 2024 साली त्यांना पद्मश्री मिळाली. डोळ्यांनी न पाहता, स्पर्शाने आणि शब्दाने एकेक पकड अंगात उतरवायची आणि मग त्या निमुळत्या खांबावर अधांतरी तोल सांभाळायचा! मघाशी ज्या दुसऱ्या वहीविषयी लिहिले तिचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.

तेव्हा बाकावर बसलेल्या आयांना आणि आजोबांना माझे सांगणे एवढेच. मुले हवेत मारतात म्हणून फी वाया गेली असे समजू नका. आणि काता पाठ झाला म्हणून मुलगी निर्धास्त झाली असेही समजू नका. शिक्षकांना तीन गोष्टी विचारा. या हालचालींचा उलगडा तुम्ही जोडीने करून दाखवता का? आठवड्यात एकदा तरी मुले एकमेकांसमोर उभी राहून, अंगावर आवरण घालून, मोकळेपणाने झटापट करतात का? आणि पळून जाणे, ओरडून मदत मागणे हाही डावच आहे, हे तुम्ही शिकवता का? तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तर मुलांना खुशाल हवेत मारू द्या. उत्तर नकारार्थी असेल तर तिथे व्यायाम चांगला होईल. पण तो लेझीम म्हणून करावा, धनुष्य म्हणून नव्हे.

चौथा प्रश्न मुलांना विचारण्याचा आहे, आणि त्याला शिक्षकांची गरज नाही. दिवाळीच्या सुटीत फराळानंतर बैठकीची खोली रिकामी करा, मुलीला तिचा काता करून दाखवायला सांगा. सगळे कौतुकाने पाहतील, टाळ्या वाजवतील. मग एखाद्या हालचालीला तिला थांबवा आणि विचारा, “हा हात कोणासाठी, गं?”

ती म्हणाली, “माहीत नाही, सरांनी सांगितलंय,” तर सुटी संपल्यावर सरांना जाऊन भेटा. पण ती जर म्हणाली, “बाबा, तुम्ही इथे उभे राहा आणि माझं मनगट धरा,” तर धरा. जरा घट्टच धरा.

आणि चष्मा आधी काढून ठेवा.